सात क्रमांकाची जर्सी

रग्बी लीगमधील रॉब बरोची कारकीर्द आणि निवृत्तीनंतरची सात वर्षे

हेडिंग्ले हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९९२ मध्ये यॉर्कशायरने पहिला परदेशी खेळाडू म्हणून करारबद्ध केलेला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर याच मैदानाला घरचे मैदान म्हणत होता. पुढे २००२ च्या ऑगस्टमध्ये तेंडुलकर, द्रविड आणि गांगुली या तिघांच्या शतकांच्या बळावर भारताने इंग्लंडला एक डाव आणि ४६ धावांनी हरवले, तेही येथेच. मात्र ज्या प्रेक्षागृहाकडे पाठ करून क्रिकेटचे मैदान पसरले आहे, त्याच प्रेक्षागृहाच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक मैदान आहे, हे आपल्याकडील फारच थोड्यांना ठाऊक असेल. ते रग्बी लीगचे मैदान. लीड्स ऱ्हायनोज या संघाचे ते घर. या मैदानावर २००१ ते २०१७ अशी सतरा वर्षे एक अत्यंत लहानखुरा माणूस सात क्रमांकाची जर्सी घालून खेळला. त्याचे नाव रॉब बरो.

बरोने आठ वेळा इंग्लंडमधील सर्वोच्च अजिंक्यपद पटकावले. एवढ्या यशानंतर खेळाडूची गोष्ट बहुधा संपते. उरतात ती पदके, छायाचित्रे आणि वर्षातून एकदा भरणारे जुन्या सोबत्यांचे संमेलन. बरोच्या बाबतीत तसे घडले नाही. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी त्याला मोटर न्यूरॉन या असाध्य आजाराने गाठले आणि २ जून २०२४ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. या साडेचार वर्षांत त्याचे बोलणे आणि चालणे हळूहळू थांबत गेले. तरीही मैदानावरील सतरा वर्षांत त्याला जेवढी माणसे ओळखत होती, त्याहून कितीतरी अधिक माणसे त्याला या काळात ओळखू लागली. हे कसे घडले, याचा शोध घ्यायचा तर आधी त्याचा खेळ समजून घ्यावा लागेल.

खाणी आणि गिरण्यांचा खेळ

रग्बी म्हटले की आपल्यासमोर येते ती पंधरा खेळाडूंची रग्बी युनियन. रग्बी लीग हा तिचाच भाऊबंद, परंतु घर वेगळे केलेला. उत्तर इंग्लंडमधील खाणी आणि गिरण्यांत शनिवारीही काम चाले. सामन्यासाठी रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी खेळाडूंना भरून द्यावी, अशी तेथील क्लबांची मागणी होती. हौशीपणाचे सोवळे सांभाळणाऱ्या संघटनेने ती नाकारली. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. आजच्या रग्बी लीगचा जन्म असा मजुरीच्या प्रश्नातून झालेला आहे. लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या कामगार वस्त्यांमध्ये हा खेळ आजही आपला मानला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

फुटीनंतर नियमही बदलत गेले. लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू असतात. सामना ८० मिनिटांचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी धरून खाली पाडले की तो एक टॅकल झाला. सहा टॅकलच्या आत गुण मिळाले नाहीत, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला म्हणजे 'ट्राय', आणि त्याचे चार गुण. आपल्या कबड्डीत चढाई करणारा गडी पकडीतून सुटून मध्यरेषा गाठण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. ते दृश्य डोळ्यांसमोर आणले, तर या खेळाचा गाभा बराचसा लक्षात येईल. फरक इतकाच, की येथे पकड करणारे अनेकदा शंभर किलोंहून अधिक वजनाचे असतात आणि ते धावत येऊन आदळतात. संरक्षणासाठी अंगावर जवळजवळ काही नसते.

या खेळात पैसा आहे, पण फुटबॉलसारखा नाही. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये क्लबाने खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करावा, यावर मर्यादा आहे. बरोच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात ती संपूर्ण संघासाठी वीस लाख पौंडांच्या आतबाहेर होती. फुटबॉलमधील एखाददुसरा नामांकित खेळाडू यापेक्षा अधिक कमावतो. त्यामुळे पस्तिशीत निवृत्त होणाऱ्या रग्बी लीगच्या खेळाडूला पुढे काय, हा प्रश्न खराखुरा असतो. कोणी प्रशिक्षक होतो, कोणी समालोचक, कोणी लहानमोठा व्यवसाय उभारतो. आयुष्यभर ऐषारामात बसून राहण्याइतकी पुंजी क्वचितच कोणाकडे असते.

'हा मुलगा फारच लहान आहे'

रॉब बरोचा जन्म २६ सप्टेंबर १९८२ रोजी पश्चिम यॉर्कशायरमधील पाँटिफ्रॅक्ट येथे झाला. हा कोळशाच्या खाणींचा पट्टा. पाँटिफ्रॅक्ट, कॅसलफर्ड, फेदरस्टोन ही गावे एकमेकांना लागून, आणि प्रत्येक गावाचे वेड एकच. फेदरस्टोन लायन्स या हौशी क्लबात त्याने बालपणी खेळायला सुरुवात केली.

त्याच्या वाट्याला एकच शेरा पुनःपुन्हा आला. हा मुलगा फारच लहान आहे. प्रौढ वयातही त्याची उंची पाच फूट पाच इंचांपलीकडे गेली नाही. सुपर लीगमधील सर्वांत बुटका खेळाडू म्हणून तो कारकीर्दभर ओळखला गेला. दोनदोन माणसांच्या वजनाचे आघात झेलण्याच्या या खेळात अशा शरीराचे काय काम, असे वाटणे साहजिक होते. बरोने त्यावर वाद घातला नाही. लीड्सच्या कनिष्ठ संघातून वर येत २००१ मध्ये त्याने वरिष्ठ संघात पदार्पण केले आणि त्याच वर्षी सुपर लीगमधील सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान पटकावला.

त्याचा मुख्य पवित्रा वेगाचा होता. हाफबॅक म्हणून तो संघाच्या हल्ल्याची सूत्रे हलवी. पुढे तो हूकरच्या जागीही खेळू लागला. टॅकल झालेला खेळाडू चेंडू पायाने मागे सरकवतो, तेव्हा मागे वाकून तो उचलण्याचे काम बहुतेक वेळा हूकरचे असते. त्या क्षणी बचाव करणारे धिप्पाड खेळाडू अजून उठून नीट उभे राहिलेले नसतात. बरो नेमकी ती वेळ साधत असे. चेंडू उचलायचा, दोघांच्या मधल्या फटीतून वाकून निसटायचे आणि समोरच्याला वळायला अवसर मिळण्याआधी वीस पावले पुढे जायचे. जी उंची उणीव म्हणून दाखवली जात होती, तीच येथे कामी येई. उंच माणसाला खाली वाकून त्याला पकडणे अवघड जाई.

याचा अर्थ तो आघात टाळत होता, असा मुळीच नाही. बचावाच्या वेळी आपल्याहून दीडपट वजनाच्या खेळाडूच्या पायांना मिठी मारून त्याला पाडण्याचे काम त्यालाही करावे लागे. ते करताना त्याने कधी अंग राखले नाही. लीड्सचे प्रेक्षक त्याच्यावर जीव लावत होते, ते ट्रायइतकेच या टॅकलसाठीही.

आठ अजिंक्यपदे

बरो संघात आला तेव्हा लीड्सची अवस्था फारशी गौरवाची नव्हती. क्लब श्रीमंत, प्रेक्षक भरपूर, पण १९७२ नंतर इंग्लंडचे अजिंक्यपद नाही. बत्तीस वर्षांचा हा दुष्काळ २००४ मध्ये संपला. ओल्ड ट्रॅफर्डवरील अंतिम सामन्यात लीड्सने ब्रॅडफर्ड बुल्सला १६-८ असे नमवले. कर्णधार होता केव्हिन सिनफिल्ड. तो बरोहून दोन वर्षांनी मोठा. स्वभावाने गंभीर, बोलणे मोजके. बरो खोडकर आणि हसरा. या दोघांची मैत्री पुढे साऱ्या ब्रिटनला परिचित होणार होती.

त्यानंतर २००७, २००८, २००९, २०११, २०१२, २०१५ आणि २०१७ असे विजय येत गेले. २००७ मध्ये सेंट हेलेन्सविरुद्ध ३३-६ असा एकतर्फी विजय मिळाला, तेव्हा अंतिम सामन्याचा मानकरी बरो होता. २०११ चा सामना मात्र विशेष लक्षात राहणारा. त्या मोसमात लीड्स गुणतालिकेत पाचव्या स्थानावर होते आणि त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. अंतिम सामन्यात पुन्हा सेंट हेलेन्स समोर होते. बरो राखीव म्हणून मैदानात उतरला. मैदानाच्या मध्याजवळ त्याने चेंडू उचलला, समोरच्या खेळाडूच्या हाताखालून वाकून तो निसटला आणि शेवटच्या बचावपटूला हुलकावणी देत थेट गोलरेषा पार केली. सुपर लीगच्या अंतिम सामन्यांतील सर्वोत्तम ट्रायमध्ये आजही त्याची गणना होते. लीड्सने तो सामना ३२-१६ असा जिंकला आणि हॅरी संडरलँड करंडक दुसऱ्यांदा बरोकडे आला.

२०१४ मध्ये कॅसलफर्डला २३-१० असे हरवून लीड्सने चॅलेंज चषक मिळवला. बरोच्या पदकांत तोवर त्याचीच उणीव होती. पुढच्याच वर्षी हल किंग्स्टन रोव्हर्सचा ५०-० असा धुव्वा उडवून तो चषक त्यांनी राखला. ऑस्ट्रेलियाच्या विजेत्याशी होणारे जागतिक क्लब आव्हान लीड्सने २००५, २००८ आणि २०१२ मध्ये जिंकले. बरो इंग्लंडकडून १५ आणि ग्रेट ब्रिटनकडून ५ सामने खेळला. २००७ मध्ये ग्रेट ब्रिटनने न्यूझीलंडला मालिकेत ३-० असे हरवले, तेव्हा मालिकावीरही तोच होता.

७ ऑक्टोबर २०१७ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर कॅसलफर्डविरुद्ध २४-६ असा विजय मिळवून त्याने निरोप घेतला. लीड्ससाठी ४९२ सामने, आठ अजिंक्यपदे आणि संपूर्ण कारकिर्दीत एकच क्लब. निवृत्तीनंतर क्लबाच्या राखीव आणि कनिष्ठ खेळाडूंना शिकवण्याचे काम त्याने स्वीकारले. किशोरवयापासूनची मैत्रीण लिंडसी हिच्याशी त्याचा विवाह २००६ मध्ये झाला होता. ती फिजिओथेरपिस्ट. दोन मुली आणि एक मुलगा असे कुटुंब. एखाद्या खेळाडूने निवृत्तीनंतरचे आयुष्य असे असावे असे म्हणावे, तसे ते होते.

शरीराचा बंड

२०१९ मध्ये त्याची जीभ अडखळू लागली. ओळखीचे शब्दही जड जाऊ लागले. तपासण्या झाल्या आणि डिसेंबरमध्ये निदान झाले, मोटर न्यूरॉन आजार. १९ डिसेंबर २०१९ रोजी क्लबाने ही बातमी जाहीर केली. बरो तेव्हा ३७ वर्षांचा होता. तिन्ही मुले लहान होती.

या आजाराचे आणखी एक नाव एएलएस. विश्वविख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे तो आपल्याकडे ठाऊक झाला. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याची जी लाट जगभर आली होती, तीही याच आजाराच्या संशोधनासाठी. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरत जातात. हुकूम पोहोचत नाही, म्हणून स्नायू वापरावाचून झिजतात. हात, पाय, जीभ, गिळण्याची क्रिया आणि शेवटी श्वास. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. आपले काय होत आहे, हे रुग्णाला पूर्णपणे कळत असते. हॉकिंग यांना हा आजार घेऊन पन्नासहून अधिक वर्षे जगता आले, पण ते अपवाद. ब्रिटनमधील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण निदानानंतर दोन वर्षांच्या आत दगावतात.

ज्याची सारी ओळख वेगावर उभी होती, त्याच्या बाबतीत हे घडावे, यातील क्रौर्य कोणाच्याही लक्षात येईल. बरोने मात्र स्वतःची कीव करण्यास नकार दिला. स्कॉटलंडचा रग्बी युनियन खेळाडू डॉडी विअर याने २०१७ मध्ये आपला हाच आजार जाहीर केला होता आणि संशोधनासाठी प्रतिष्ठान उभारले होते. निदान होताच बरो त्याला भेटला. आजार लपवायचा नाही, त्याच्या नावानेच लोकांसमोर उभे राहायचे, हा मार्ग विअरने घालून दिलेला होता. बरोने तो पुढे नेला.

१२ जानेवारी २०२० रोजी हेडिंग्लेवर लीड्स आणि ब्रॅडफर्ड यांच्यात सामना झाला. जेमी जोन्स-बुकॅनन या दीर्घकाळच्या सोबत्याच्या सन्मानार्थ तो ठरला होता. जोन्स-बुकॅननने तो बरोबरोबर वाटून घेतला. मैदान खचाखच भरले. अखेरच्या काही मिनिटांसाठी बरो सात क्रमांकाची जर्सी घालून मैदानात उतरला आणि त्याच्याभोवती त्याचे जुने सोबती उभे राहिले. हेडिंग्लेवर खेळाडू म्हणून त्याचे ते शेवटचे पाऊल.

सातचा पाढा

संघात खेळणाऱ्याला निवृत्तीनंतर सर्वाधिक जाणवते ते एकटेपण. रोज सकाळी ज्या वीसपंचवीस जणांबरोबर घाम गाळला, ते एका दिवसात दूर होतात. बरोच्या नशिबी आजार आला, पण हे एकटेपण आले नाही. त्याचे श्रेय प्रामुख्याने सिनफिल्डचे.

१ डिसेंबर २०२० पासून सिनफिल्ड सलग सात दिवस रोज एक मॅरेथॉन धावला. सात, कारण बरोची जर्सी सात क्रमांकाची. निधीचे उद्दिष्टही ७७,७७७ पौंडांचे ठेवले होते. टाळेबंदीचा तो काळ होता आणि माणसे घराघरांत कोंडलेली होती. आपल्या आजारी मित्रासाठी थंडीत धावणारा हा माणूस त्यांच्या काळजाला भिडला. अखेरीस २७ लाख पौंडांहून अधिक निधी जमा झाला.

मग ही दरवर्षीची वारीच झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो लीस्टर ते लीड्स हे १०१ मैलांचे अंतर २४ तासांत धावून हेडिंग्लेवर पोहोचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एडिंबरोहून निघून सात दिवसांत, रोज सुमारे ४० मैल धावत तो मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डवर आला. रग्बी लीग विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे ते मध्यंतर होते. त्यानंतर आठवड्याभरातच, २६ नोव्हेंबरला डॉडी विअरचे निधन झाले. २०२३ मध्ये सात दिवसांत सात शहरे झाली. बरोच्या मृत्यूनंतर, डिसेंबर २०२४ मध्येही सिनफिल्ड धावला. तोवर या मोहिमांतून एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली होती.

यातील एक प्रसंग मात्र रकमेच्या हिशेबात बसणारा नाही. १४ मे २०२३ रोजी लीड्समध्ये बरोच्या नावाने पहिली मॅरेथॉन झाली. सुरुवात आणि शेवट हेडिंग्लेवर. सिनफिल्डने बरोला व्हीलचेअरवर बसवले आणि ४२ किलोमीटर ती खुर्ची ढकलत नेली. शहरातील चढउतार, रस्त्याच्या दुतर्फा माणसे. अंतिम रेषा काही पावलांवर आली तेव्हा तो थांबला, खाली वाकला, बरोला दोन्ही हातांवर उचलून घेतले आणि त्याच्या गालाचे चुंबन घेत रेषा ओलांडली. दोघांनी मिळून, एकाने पळून आणि दुसऱ्याने विश्वासाने, ती शर्यत पूर्ण केली. हे छायाचित्र जगभर गेले. त्याच दिवशी लिंडसीनेही आपली मॅरेथॉन पूर्ण केली होती.

घराची बाजू

सार्वजनिक गौरवाच्या या झगमगाटात घराची बाजू झाकली जाण्याचा धोका असतो. बरो कुटुंबाने ती झाकू दिली नाही. बीबीसीच्या माहितीपटांसाठी त्यांनी आपले घर कॅमेऱ्यासमोर उघडे केले. त्यात दिसते ते असे. एक स्त्री नवऱ्याला उचलून जिन्यावरून नेते, त्याला भरवते, कपडे घालते, तीन मुलांना शाळेसाठी तयार करते आणि मग रुग्णालयातील आपल्या कामावर जाते. मदतीला बरोचे वृद्ध आईवडील. आयुष्यभर मुलाला मैदानावर पाहिलेल्या त्या दोघांनी आता पुन्हा त्याला घास भरवायचा.

आपण लिंडसीवर ओझे झालो आहोत, तिने दुसऱ्या कोणाबरोबर नवे आयुष्य सुरू करावे, असे बरोने सुचवल्याचे आणि तिने ते धुडकावल्याचे त्या दोघांनी जाहीरपणे सांगितले आहे. दुर्धर आजाराची चर्चा आपण रुग्णापुरती करतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याची, त्याच्या नोकरीची, मुलांच्या मनावरील ओरखड्यांची चर्चा होत नाही. या कुटुंबाने ती घडवून आणली, हे त्यांचे मोठेच काम.

वाचा गेल्यावर बरो डोळ्यांनी बोलू लागला. संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांवर नजर स्थिरावली की यंत्र ती टिपते आणि शब्द उच्चारते. हा आवाजही परका नव्हता. त्याच्या जुन्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावरून तो तयार करण्यात आला होता, यॉर्कशायरच्या ढंगासकट. २०२१ मध्ये 'टू मेनी रीझन्स टू लिव्ह' हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीच्या बालवाहिनीवर, झोपण्यापूर्वी मुलांना सांगायची गोष्ट त्याने याच यंत्राच्या साह्याने वाचली. त्या कार्यक्रमात अशा रीतीने गोष्ट सांगणारा तो पहिलाच. आपल्या मुलांना स्वतःच्या मुखाने गोष्ट सांगता न येणारा बाप देशभरातील मुलांना गोष्ट सांगत होता.

२०२१ च्या नववर्ष सन्मानात त्याला एमबीई जाहीर झाली. २०२४ मध्ये बरो आणि सिनफिल्ड या दोघांना एकाच वेळी सीबीई मिळाली. ती प्रदान करण्यासाठी युवराज विल्यम ११ जानेवारी २०२४ रोजी स्वतः हेडिंग्लेवर आले होते.

अनुत्तरित प्रश्न

खेळाडूंना हा आजार अधिक होतो काय, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. स्कॉटलंडच्या माजी आंतरराष्ट्रीय रग्बी युनियन खेळाडूंविषयी २०२२ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोटर न्यूरॉन आजाराचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे पंधरापट आढळला. तथापि आजार दुर्मीळ असल्याने प्रत्यक्ष रुग्णसंख्या अगदी थोडी होती, हे लक्षात घ्यायला हवे. शेफील्ड विद्यापीठाच्या २०२१ मधील संशोधनानुसार, जनुकीय प्रवृत्ती असलेल्यांमध्ये वारंवार केलेले अतिश्रमाचे व्यायाम आजाराला निमंत्रण देऊ शकतात. डोक्याला होणारे आघात, अतिश्रम आणि जनुके यांपैकी कशाचा वाटा किती, याचा निर्णायक निवाडा झालेला नाही. बरोच्या बाबतीत त्याच्या खेळानेच घात केला, असे विधान करता येत नाही. खेळाचा त्यात मुळीच संबंध नाही, असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

उपचारांची स्थितीही फारशी आशादायक नाही. रिलुझोल हे जुने औषध आजाराची गती किंचित कमी करते. एसओडी-१ या जनुकातील दोषामुळे आजार झालेल्या मोजक्या रुग्णांसाठी टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बाकीच्यांसाठी प्रतीक्षाच आहे. रुग्ण, संशोधक आणि बरो, विअर यांसारख्या खेळाडूंच्या रेट्यामुळे ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये संशोधनासाठी पाच कोटी पौंडांची घोषणा केली. ती रक्कम संशोधकांच्या हाती पडण्यास विलंब होऊ लागला, तेव्हा त्यावर जाहीर टीका करण्यातही हे खेळाडू मागे राहिले नाहीत. त्यांच्याजवळ वेळ नव्हता. सरकारी कामाचा वेग त्यांना परवडणारा नव्हता.

पायाचा दगड

२ जून २०२४ रोजी वेकफील्ड येथील पिंडरफील्ड्स रुग्णालयात बरोचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ जून रोजी, लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात त्याच्या नावाच्या मोटर न्यूरॉन केंद्राच्या बांधकामाचा शुभारंभ ठरलेला होता. केंद्रासाठी ६८ लाख पौंड उभारण्याची मोहीम त्याने स्वतः चालवली होती. वेगवेगळ्या तपासण्यांसाठी रुग्णाला निरनिराळ्या इमारतींत फिरावे लागू नये, सारे एका छताखाली आणि शांत वातावरणात व्हावे, ही त्यामागील कल्पना. घरात सुतक असताना कार्यक्रम पुढे ढकलला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु कुटुंबाच्या इच्छेनुसार तो ठरल्या दिवशीच झाला. बरोचे आईवडील तेथे उपस्थित होते.

त्यानंतर प्रसारित झालेल्या माहितीपटाच्या शेवटी बरोचा एक निरोप होता, आपण गेल्यावरच दाखवावा म्हणून ठेवलेला. प्रत्येक दिवस मोलाचा आहे, एक क्षणही वाया घालवू नका, असे त्याने सांगितले होते. ७ जुलैला, म्हणजे सातव्या महिन्याच्या सात तारखेला, त्याची अंत्ययात्रा निघाली. वाटेत फेदरस्टोन लायन्स हा क्लब लागला, जेथे लहानपणी त्याने पहिल्यांदा चेंडू हाती घेतला होता. रस्त्याच्या कडेला माणसे उभी होती. त्यांतील कित्येकांनी लीड्सच्या प्रतिस्पर्धी क्लबांच्या जर्सी घातल्या होत्या.

त्याच वर्षापासून सुपर लीगच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा मान रॉब बरोच्या नावाने दिला जाऊ लागला. हाच मान हॅरी संडरलँड करंडकाच्या रूपाने त्याने दोनदा मिळवला होता. पहिला मानकरी ठरला विगनचा बेव्हन फ्रेंच. ओल्ड ट्रॅफर्डवर दरवर्षी अंतिम सामना संपला की हे नाव पुकारले जाते. मैदानात उभ्या असलेल्या धिप्पाड खेळाडूंपैकी एकजण तो मान स्वीकारण्यासाठी पुढे येतो, आणि ज्याच्या नावाचा मान तो घेत असतो, तो कोणे एके काळी या खेळासाठी फारच लहान ठरवला गेला होता.

रॉब बरो : थोडक्यात

जन्म : २६ सप्टेंबर १९८२, पाँटिफ्रॅक्ट, पश्चिम यॉर्कशायर
क्लब : लीड्स ऱ्हायनोज (२००१ ते २०१७), ४९२ सामने
खेळण्याची जागा : हाफबॅक आणि हूकर
आंतरराष्ट्रीय सामने : इंग्लंड १५, ग्रेट ब्रिटन ५
सुपर लीग अजिंक्यपद : २००४, २००७, २००८, २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७
चॅलेंज चषक : २०१४, २०१५
हॅरी संडरलँड करंडक : २००७, २०११
सन्मान : एमबीई (२०२१), सीबीई (२०२४)
निधन : २ जून २०२४, वेकफील्ड